सातवी प्रत

“सात प्रती,” उखळकरसाहेब म्हणाले. “आणि आज संध्याकाळी पाचच्या आत.”

त्यांनी मसुद्याचे चार कागद माझ्या टंकयंत्राशेजारी ठेवले, त्यांवर पेपरवेट ठेवला आणि पेपरवेटवर स्वतःचा हात ठेवला. पंखा बंद होता. गावात तीन दिवस वीज नव्हती. तरी त्यांनी वजन ठेवलं. बावीस वर्षं महसूल खात्यात काढलेला नायब तहसीलदार वाऱ्यावर विश्वास ठेवत नाही, वारा नसला तरी.

“कोणाची कारणं आहेत?” मी विचारलं.

“वाचा की. बी.ए. झालात ना?”

पहिल्याच ओळीत नाव होतं. त्र्यंबक काशिनाथ हिरवे, वय अठ्ठावन्न, धंदा छापखाना.

“ओळखता?”

“कॉलेजचं वार्षिक त्यांच्याकडे छापायचं.”

“म्हणजे ओळखता.”

“तोंडओळख.”

“बरं,” उखळकर म्हणाले आणि हात उचलला. “तोंडओळखीच्या माणसाची कारणं टंकायला हरकत नसते.”

तोंडओळख म्हणजे कॉलेजची तीन वर्षं मी रोज दुपारनंतर अण्णा हिरव्यांच्या छापखान्यात प्रुफं वाचत असे, आणि त्यातून माझी फी निघत असे. पण मी कलेक्टर कचेरीच्या दंड शाखेत लागून वीस महिने झाले होते, कायम व्हायला चार बाकी होते, आणि अशा माणसाला सगळ्यांची तोंडओळखच असते.

त्या ऑगस्टात आमच्या गावात रॉकेलवरून सुरू झालं होतं. आधी रांग, मग धक्काबुक्की, मग रेशन दुकानाला आग. आग लावायला रॉकेल कुठून आलं हा प्रश्न कुणी विचारला नाही. शनिवारी धान्यबाजाराच्या चौकात गोळीबार झाला. सरकारी पत्रकात तीन मेले. गावात पाच प्रेतं जळली. रविवारपासून संचारबंदी लागली, आणि कलेक्टरसाहेबांना वरून अधिकार आले: सार्वजनिक सुव्यवस्थेला ज्याच्यापासून धोका वाटेल त्याला बारा महिन्यांपर्यंत आत ठेवायचं. आरोपपत्र नाही, खटला नाही, जामीन नाही. धोका वाटला, एवढं पुरे.

हुकूम सायक्लोस्टाइल केलेले होते, नावाची जागा मोकळी. चाळीस काढले होते. सोमवारपर्यंत एकतीस भरले. कायद्यात मात्र एक मेख होती. माणूस पकडल्यापासून पाच दिवसांत त्याला का पकडलं ते लेखी द्यावं लागे. त्यामुळे आमच्याकडे आधी माणूस येई आणि मग कारण. अण्णांना सोमवारी उचललं होतं. आज गुरुवार होता.

कारण मी वाचलं. गोळीबारानंतर गावात अकरा वेगवेगळी पत्रकं वाटली गेली होती. पत्रकावर छापणाऱ्याचं नाव घालावं असा जुना कायदा आहे. दहा पत्रकांवर नाव नव्हतं, ती आकाशातून पडली होती. अकरावं अण्णांनी छापलं होतं, आणि तळाला, बारीक टाइपात, मुद्रकाचं नाव, पत्ता आणि प्रतींची संख्यासुद्धा घातली होती. पोलिसांनी अकरा पत्रकांचा तपास केला आणि ज्याचा पत्ता सापडला त्याला धरलं. पत्रकात पाच मृतांची नावं आणि वयं होती. मसुद्यात लिहिलं होतं: ‘मृतांची संख्या पाच अशी छापून आपण जनतेत प्रक्षोभ माजविला.’ आदल्याच दिवशी, बुधवारी, सरकारनेही पाच मान्य केले होते. पण अण्णांनी ते तीन दिवस आधी मान्य केले होते, आणि प्रक्षोभ त्यात होता.

सकाळी दहा ते बारा संचारबंदी उठायची. त्या दोन तासांत अण्णांच्या पत्नी, मालतीकाकू, कचेरीत येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसत. मी पाणी प्यायला म्हणून उठलो.

“दिगू,” त्या म्हणाल्या, “ते पहाऱ्यावरचे म्हणतात, आज-उद्या कारण देणार. कारण दिलं की सोडतात का रे?”

“नाही काकू. कारण दिलं की ठेवतात.”

“किती दिवस?”

“बारा महिने. फार तर.”

“आणि फार तर नाही तर?”

मी माठातून पेला भरला.

“तिथं चहा मिळतो का? ह्यांना सकाळी दोनदा लागतो. एकदा दिला की म्हणतात, हा कसला, हा तर प्रूफ झाला.” त्या हसल्या नाहीत. “मी वकिलाकडे जाऊन आले. फी घ्यायला तयार आहे. पण खटलाच नाही तर वकील करणार काय?”

“वकील चूक शोधतो.”

“ह्यांची?”

“माणसाची नाही. कागदाची. कागद वेळेत दिला नाही, भाषा समजत नाही, काहीतरी. हायकोर्ट माणसाकडे बघत नाही, कागदाकडे बघतं.”

“आणि कागदात चूक असली तर?”

“तर सुटतात.”

काकूंनी पदराने चष्मा पुसला, परत लावला आणि माझ्या बोटांकडे पाहिलं. कार्बनने ती काळी झाली होती. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी म्हणालो असतो, काकू, माझी नोकरी जाईल. त्यांनी ती सोय ठेवली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, “बाराला पाच कमी आहेत, मी निघते,” आणि निघाल्या.

आता एका परिपत्रकाबद्दल सांगायला हवं. दीड महिन्यापूर्वी मंत्रालयातून ते आलं होतं. दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात कारणांच्या कागदाचं तिसरं पान वाचता येत नव्हतं म्हणून हायकोर्टाने एका माणसाला सोडून दिलं होतं. वाचताच येत नाही तर माणूस उत्तर काय देणार, असं कोर्टाचं म्हणणं. म्हणून यापुढे स्थानबद्धाची प्रत सुवाच्य असावी, अशी सक्त सूचना होती. ती सूचना इतकी पुसट उठली होती की शाखेत कुणालाच वाचता आली नाही. सगळ्यांनी ‘पाहिले’ म्हणून सह्या केल्या आणि फाइल केली. मला तेवढी वाचता आली, कारण तीन वर्षं मी अण्णांकडे पुसट वाचायला शिकलो होतो. छपाईचे खिळे उलटे असतात, ओळ डावीकडून उजवीकडे असली तरी अक्षर पाठमोरं असतं. अण्णा म्हणत, “आरसा धरून कुणीही वाचेल. आरसा नसताना वाचलं तर पगार.”

मी जागेवर आलो.

कचेरीत प्रती वाटायची एक रीत होती. कागदावर कुणी ठरवलेली नाही, पण मोडलेली कुणी पाहिली नव्हती. सगळ्यांत वरची, ठसठशीत प्रत मंत्रालयाला. दुसरी सल्लागार मंडळाला. मग कलेक्टर, पोलीस अधीक्षक, तुरुंग, आमची फाइल. आणि सगळ्यांत खालची ज्याच्याविषयी कागद आहे त्याला. नियम असा की चारपेक्षा जास्त प्रती एका दमात काढायच्या नाहीत. चार काढा, मग पुन्हा टंकून तीन काढा.

मी सात पातळ कागद घेतले. खणात कार्बनची नवी पेटी होती. तिच्याखाली जुने कार्बन होते, इतके वापरलेले की उजेडात धरले तर पलीकडचा उखळकर दिसावा. वरच्या तीन कागदांत मी नवे घातले, खालच्या तिनांत जुने. गठ्ठा रोलरमध्ये घातला. तो कुरकुरला. सहा हातांवर बसलेले उखळकरसाहेब फाइलीतून मान वर न करता म्हणाले, “एकदम सात?”

“वेळ वाचेल, साहेब.”

“नवे कार्बन आहेत ना?”

“आहेत.”

“पाहिजे तर पेटी उघडा. मागणीपत्रकावर मी सही करीन.”

“चालतील हे.”

“चालतील?”

माझी पाठ त्यांच्याकडे होती. मानेवरून घाम खाली उतरताना कळत होता.

“चालतील, साहेब.”

“बरं,” ते म्हणाले.

मी बोटं हलकी ठेवली. टंकलेखनात हलकं मारणं हे जोरात मारण्यापेक्षा अवघड असतं. वरच्या प्रतीवर अक्षर उठलं पाहिजे आणि सातव्यापर्यंत पोचता कामा नये. अण्णांच्या छापखान्यात दाब कसा मोजायचा ते शिकलो होतो. ते तिकडे अक्षर उठावं म्हणून शिकवलं होतं, हा भाग निराळा. चार पानांना अडीच तास लागले.

प्रती वेगळ्या करताना मी सातवी पाहिली. पहिल्या पानावर डोक्याशी ‘गोपनीय’ हा रबरी शिक्का स्वच्छ होता. त्याखाली पानभर धुकं. ओळी आहेत एवढं कळत होतं, जसं लांबून मोर्चा आहे एवढं कळतं. रिवाजाप्रमाणे चौथ्या पानाच्या तळाला मी शाईने ‘ताडून पाहिले’ लिहिलं आणि सही केली.

उखळकरांनी गठ्ठा मागितला. ओल्या स्पंजवर अंगठा लावून पहिली प्रत पाहिली, दुसरी पाहिली. तिसरी, चौथी उलटली. सातवीशी अंगठा थांबला. त्यांनी ती खिडकीच्या उजेडाकडे थोडी तिरकी केली, इतकी थोडी की मला शपथेवर सांगता आलं नसतं. मग खाली ठेवली.

“नेहमीसारखंच आहे,” ते म्हणाले. “उद्या तीन वाजता तुरुंगात द्यायचं. तुम्ही चला बरोबर. पोचपावती घ्यायला लिपिक लागतो.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण संचारबंदीत तसंही काही विशेष मिळत नव्हतं.

शुक्रवारी जीपने गेलो. रस्त्यावर माणूस नव्हता. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, चौकात विटांचे तुकडे आणि एक एकटी वहाण. उखळकर पुढे बसले होते. मी मागे, मांडीवर पाकीट घेऊन. माझ्या डोक्यात सगळं व्यवस्थित होतं. अण्णांनी कागद घ्यायचा, पोचपावतीवर ‘मिळाला’ म्हणून सही करायची, बस. कागद आत त्यांच्याजवळ राहील, वकील सोमवारी भेटायला जाईल, अण्णा म्हणतील यातलं काही वाचता येत नाही, वकिलाला हवं ते मिळेल. अण्णांना काही करायचंच नव्हतं. नुसतं सही करून गप्प राहायचं. कुणालाही जमेल असं.

जेलरच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि वर एक झरोका होता. जेलर चहा सांगायला म्हणून बाहेर गेला आणि बहुधा चहा होईपर्यंत तिथेच थांबला. अण्णांना आणलं. घरचाच पायजमा-सदरा होता. चार दिवसांची दाढी. बोटांची शाई अजून निघाली नव्हती.

“नमस्कार साहेब,” ते उखळकरांना म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. “अरे, दिगू. तू आहेस होय दंड शाखेत.”

“हो, अण्णा.”

“बरी आहे ना नोकरी?”

“बरी आहे.”

“मालती?”

“काल भेटल्या. बऱ्या आहेत.”

उखळकर टेबलाकडे बघत होते. “हिरवे, तुमच्या स्थानबद्धतेची कारणं आहेत. चार पानं. घ्या आणि पावतीवर ‘मिळाली’ एवढं लिहून सही करा. दुसरं काही लिहायची गरज नाही.”

ते शेवटचं वाक्य त्यांनी सावकाश म्हटलं होतं. मला तेव्हा कळलं नाही.

अण्णांनी कागद घेतला. दुसऱ्या कुणी घेतला असता, सही केली असती. पण हा पस्तीस वर्षं प्रूफ वाचल्याशिवाय सही न केलेला माणूस होता. लग्नपत्रिकेतला मामा सुद्धा त्यांनी न वाचता कधी सोडला नव्हता. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. मग लांब धरला. मग झरोक्याखाली जाऊन उभे राहिले, कागद वर उचलला, पुन्हा जवळ आणला. ओठ किंचित हलले आणि थांबले. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

मला वाटलं, ते वाचताहेत. वाचू शकणारा जगात एक माणूस होता आणि मी नेमकं त्यालाच पुसट वाचायला लावत होतो. ही गोष्ट मला तेव्हा, त्या खोलीत, पहिल्यांदा सुचली. जर त्यांना एखादी ओळ लागली, तर ती ते मोठ्याने वाचून दाखवतील, कारण अवघड ओळ लागली की मोठ्याने वाचायची त्यांची सवय होती. आणि एक ओळ वाचता आली की कागद सुवाच्य झाला.

थांबवायला हवं होतं. उखळकरांसमोर उघड काही बोलता येत नव्हतं. मी म्हणालो,

“अण्णा, अक्षरं जरा फिकट उठलीत.”

उखळकरांची मान झटकन माझ्याकडे वळली.

अण्णांनी कागद खाली केला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. तसं त्यांनी माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं, जणू मी त्यांना रस्ता ओलांडायला हात दिला होता.

“फिकट?” ते म्हणाले. “मला दिसतंय.”

“नाही, म्हणजे दिसत नसेल तर तसं...”

“दिसतंय म्हटलं ना. पेन आण इकडे.”

“हिरवे,” उखळकर म्हणाले, “नुसतं ‘मिळाली’ लिहा.”

“का? वाचलं ते वाचलं लिहिलं पाहिजे.”

ते टेबलावर वाकले आणि पोचपावतीवर, आपल्या त्या सुरेख, वळणदार, गावातल्या निम्म्या पाट्या रंगवलेल्या अक्षरात लिहिलं: ‘कारणे मिळाली. सर्व वाचली. समजली.’ खाली सही. सहीखाली तारीख. तारखेखाली वेळ. मुद्रक माणूस, काही सोडलं नाही.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” उखळकर म्हणाले.

चहा आलाच नाही.

जीपमध्ये निम्म्या रस्त्यात ड्रायव्हर शीळ घालू लागला, उखळकरांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला. मग ते पुढे बघतच म्हणाले,

“पारखे.”

“साहेब.”

“जुने कार्बन वापरले ते बरं केलं होतं.”

मी मांडीवरचं पाकीट सरळ केलं.

“त्यानंतर बोलला नसता तर आणखी बरं झालं असतं. मी बावीस वर्षं नोकरी केली ती न बोलून. एवढंच शिकायचं असतं आपल्या खात्यात. तेवढं तुम्हाला येत नाही.”

“साहेब, मी...”

“हे बघा, पुन्हा.”

पुढचं सगळं सरळ झालं. वकिलाने अर्ज केला, हायकोर्टात कागद दाखवला. न्यायमूर्तींनी चष्मा बदलून पाहिला, म्हणे, आणि हे वाचता येत नाही असं सांगितलं. सरकारी वकिलाने पोचपावती पुढे केली. सर्व वाचली, समजली. न्यायमूर्ती म्हणाले, अर्जदाराची नजर आमच्यापेक्षा चांगली दिसते. अर्ज फेटाळला. हे मला वकिलाच्या कारकुनाने सांगितलं. सांगताना तो हसला आणि मी पण हसलो, कारण न हसलेलं लक्षात आलं असतं.

अण्णा अकरा महिने चार दिवस आत होते. छापखाना बंद पडला. काकूंनी दोन खोल्या भाड्याने दिल्या. मी चार महिन्यांनी कायम झालो. एकदाही त्यांना भेटायला तुरुंगात गेलो नाही. कचेरीतल्या माणसाने जाणं बरं दिसलं नसतं.

सुटून आल्यावर त्यांनी छापखाना पुन्हा सुरू केला. मी एक दिवस गेलो. टेबलावर ओलं प्रूफ पडलं होतं, सवयीने मी हात पुढे केला. अण्णांनी ते शांतपणे उचलून दुसऱ्या माणसाकडे दिलं. “तू राहू दे,” म्हणाले. “तू आता साहेब माणूस.” मला वाटलं, मी सरकारच्या बाजूला होतो म्हणून असेल. रागवायचा त्यांचा हक्क होता. मग मी जाणं कमी केलं. रस्त्यात भेटले की बोलत, पावसापाण्याचं.

बारा वर्षं गेली. एके सकाळी काकूंचा फोन आला. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काकूंचे गुडघे धरले होते, तेव्हा दवाखान्यातून घरी आणायला कुणी जाईल का. त्यांच्याकडे दुसरं कुणी नव्हतं असं नाही. पण त्यांनी मला केला.

अण्णा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. कागदपत्रं तयार व्हायची होती. मी शेजारी बसलो. सूचनांचा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्याकडे दिला.

“वाच.”

“आठ दिवस वाकायचं नाही. डोक्यावरून आंघोळ नाही. डोळा चोळायचा नाही. रडायचं नाही.”

“रडायचं नाही असं लिहिलंय?”

“अश्रू येऊ देऊ नयेत, असं.”

“बरं.” त्यांनी पट्टीची कड चाचपली. “बारा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं हे ऑपरेशन, असं मला एकदा वाटलं होतं. फुकट भ्यालो.”

“म्हणजे?”

“तू कागद घेऊन आलास तुरुंगात. आठवतं? त्या साली माझ्या हातून चुका जायला लागल्या होत्या. एका पत्रिकेत तिथी चुकली, एका बिलबुकात पत्ता. कुणाला बोललो नव्हतो. मालतीला पण नाही. छापखानेवाल्याचे डोळे गेले हे गावात कळलं की संपलं. तर तो कागद हातात आला, आणि मला काही दिसेना. वरचा मोठा शिक्का तेवढा दिसला, टाइपातलं एक अक्षर नाही. नुसता राखाडी रंग.”

मी सूचनांच्या कागदाची घडी घातली.

“मला वाटलं, गेले. आज, आत्ता, इथे गेले. आणि तेवढ्यात तू म्हणालास, अक्षरं फिकट आहेत. मला वाटलं, पोराला कळलं. सांभाळून घेतोय मला. म्हाताऱ्याला दिसत नाही, दोष कागदाला देऊ या. ते मला सोसवेना. म्हणून लिहिलं.”

“वाचली, समजली.”

“आयुष्यात तेवढं एकच खोटं लिहिलं. ते पण सुंदर अक्षरात.”

“आणि मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी आत वर्तमानपत्र आलं. सगळं दिसलं. स्थळं पाहिजेतच्या जाहिराती सुद्धा. डोळ्यांना काही झालं नव्हतं. कागदच भिकार होता.”

“जेलरला सांगायचं होतंत, अण्णा. तेव्हाही सुटला असतात.”

“काय सांगायचं? काल लिहून दिलं ते खोटं होतं? अरे, खरं छापलं म्हणून आत गेलो होतो. खोटं लिहिलं असं सांगून बाहेर यायचं?” त्यांनी मांडीवरचा हात उलटा केला. “नाही जमलं.”

आत कुणीतरी हिरवे, हिरवे असं पुकारलं आणि मग दुसऱ्याच कुणाला बोलावलं.

“राग त्याचा नव्हता,” अण्णा म्हणाले. “राग तुझा होता.”

“माहीत आहे. मी कचेरीत होतो.”

“कचेरीचं काय, कुणीतरी असतंच. त्या कागदाच्या शेवटच्या पानावर, तळाला, शाईने लिहिलं होतं, ‘ताडून पाहिले’, आणि खाली तुझी सही. तेवढंच काय ते वाचता येत होतं पानावर. अकरा महिने मी ते रोज बघत होतो. सरकारला शिव्या दिल्या नाहीत, तुला दिल्या. म्हटलं, तीन वर्षं हाताखाली घालवली ह्या पोराने आणि असलं काम करायला लागला. ताडून पाहिलं म्हणतो. काय पाहिलं? सरकारी नोकरीने हात बिघडवला. पुन्हा प्रूफ द्यायचं नाही याला.”

मी बारा वर्षं न बोललेला माणूस होतो. उखळकरांनी शिकवलं होतं ते तोवर मला चांगलं येऊ लागलं होतं. त्यांच्याच खुर्चीवर मी तेव्हा बसत होतो.

“अण्णा, तो मुद्दाम केला होता.”

“काय?”

“कागद. जुने कार्बन घातले, सात एकदम काढले, हलक्या हाताने. वाचता येऊ नये म्हणून. वाचता येत नाही एवढं तुम्ही म्हणाला असता तर हायकोर्टाने सोडलं असतं.”

त्यांनी उघडा डोळा माझ्याकडे वळवला. मी वाट पाहत होतो, की आता ते अकरा महिन्यांचा हिशेब विचारतील, काकूंचा विचारतील, मला नीट सांगता का आलं नाही ते विचारतील.

“मुद्दाम,” ते म्हणाले.

“हो.”

“चारही पानं?”

“चारही.”

“आणि वरची प्रत?”

“वरची छापल्यासारखी होती.”

अण्णांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. चांगलं प्रूफ हातात आलं की हलवत तशी.

“एक अक्षर लागलं नाही मला,” ते म्हणाले. “तोवरच्या पस्तीस वर्षांत असा कागद पाहिला नव्हता.”

त्यांना डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. मला कुणी केली नव्हती, पण तशी सवय राहिली नव्हती. तेव्हा आम्ही दोघं, आत खरंच हिरव्यांचं नाव पुकारेपर्यंत, समोरच्या भिंतीवरचा लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता बघत बसलो. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत अण्णांनी मला तो एका डोळ्याने वाचून दाखवला. शेवटची ओळ त्यांनी माझ्यावर सोपवली.